आज्ञा, खिडकी आणि तार : एका यंत्रभाषेचा विस्तार आणि मराठी अक्षर



मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या भाषेवर व्याख्यान द्यावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु एखादी भाषा आपले व्याकरण न सोडता नव्या व्यवहाराला कशी पुरी पडते, या एकाच प्रश्नाच्या मागे मी आयुष्यभर हिंडलो आहे. बखरींत आणि पेशवे दप्तरातील कागदांत तो मी पाहिला. तोच प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत यंत्रांच्या भाषेत उभा राहिला, आणि तेथे तो मानवी भाषेपेक्षा कितीतरी उघड्या स्वरूपात दिसतो. मानवी भाषेत नवा शब्द कोणी, कोणत्या दिवशी आणला हे सहसा सांगता येत नाही. यंत्रभाषेत ते सांगता येते. इतिहासकाराला याहून अधिक काय हवे?

सचिन हे गाव मराठी इतिहासाला परके नाही. १७९१ साली पेशव्यांशी झालेल्या तहान्वये सिद्दी घराण्यातील बाळूमियाँ यांनी जंजिऱ्यावरील आपला हक्क सोडला आणि मोबदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. जंजिरा पेशव्यांच्या हाती शेवटपर्यंत आला नाही. सचिन मात्र १९४८ पर्यंत सिद्दी नबाबांकडे राहिले. पुढे ते मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी गुजरातेत गेले. हा सौदा कोणाला महाग पडला याची चर्चा आज नको. मला त्या काळच्या राजकीय कागदांची भाषा येथे आठवते. मंजूर, रवाना, जमा, तैनात असे फारसी-अरबी शब्द त्यांत ओळीओळीला येतात, आणि तरीही ती भाषा फारसी होत नाही, मराठीच राहते. का राहते? कारण परका शब्द आला की मराठी त्याच्यापुढे ‘करणे’ हे क्रियापद ठेवते आणि मग आपल्या व्याकरणाने त्याला चालवते. मंजूर केले, रवाना करावे, जमा करीत आहेत. दोनशे वर्षांनंतर आपण फोन केला, सेव्ह करा, डाउनलोड करीत आहे असे म्हणतो, तेव्हा तीच जुनी सोय वापरीत असतो. नवा शब्द आत येण्यासाठी व्याकरणात एक दार कायमचे उघडे ठेवलेले आहे. हे दार ध्यानात ठेवा. पुढील कथेत ते पुन्हा लागेल.

सुरतेच्या परिसरात संगणकाची कथा मागापासून सांगण्याची प्रथा पडून गेली आहे. फ्रान्समधील लिआँ शहराच्या जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पानांवरून नक्षी विणणारा माग सिद्ध केला, आणि चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात ती पाने उचलली, हे खरे आहे. जकार्ड हा शब्द येथल्या कारागिराला शिकवावा लागत नाही. पण एक भेद विसरला जातो. पाने बदलली की नक्षी बदलते, मात्र माग नवी आज्ञा शिकत नाही. जितके धागे उचलण्याची सोय त्यात केलेली असेल तितकेच तो उचलतो. आज आपल्याला जी भाषा पाहायची आहे तिचे वैशिष्ट्य नेमके याच्या उलट आहे : तिला नव्या आज्ञा शिकविता येतात.

या भाषेचे नाव टीसीएल. पूर्ण नाव टूल कमांड लँग्वेज, म्हणजे अवजारांना आज्ञा देण्याची भाषा. आणि उच्चार ‘टिकल’, ज्याचा इंग्रजीतील अर्थ गुदगुल्या. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन औस्टरहौट हे प्राध्यापक होते. ते आणि त्यांचे विद्यार्थी इलेक्ट्रॉनिक चिपांचे आराखडे काढण्याची संगणकीय अवजारे तयार करीत. प्रत्येक अवजाराला आज्ञा द्याव्या लागत, म्हणून प्रत्येकाची एक छोटी आज्ञाभाषा असे. पण खरा जीव आराखड्याच्या कामात अडकलेला असल्यामुळे ही भाषा घाईघाईने, अर्धवट बांधली जाई. एका अवजारात शिकलेली आज्ञा दुसऱ्यात चालत नसे. १९८७ च्या शरद ऋतूत औस्टरहौट रजा घेऊन डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या पश्चिमेकडील संशोधनशाळेत काम करीत असताना त्यांना सुचले, की आज्ञाभाषा एकदाच नीट बांधावी आणि ती कोणत्याही अवजाराच्या पोटात बसविता यावी. भाषेने चल, अट, पुनरावृत्ती एवढे सामान्य व्यवहार सांभाळावेत. अवजाराने आपल्या कामाच्या आज्ञा तिच्यात भराव्यात. १९८८ च्या आरंभी त्यांनी लेखनाला हात घातला.

टिकलचे व्याकरण पाहून भाषेच्या अभ्यासकाला आनंद होतो. ते जवळजवळ एका वाक्यात सांगता येते : ओळीतला पहिला शब्द ही आज्ञा, उरलेले शब्द ही तिची सामग्री. ‘जर’ आणि ‘जोवर’ यांसारखे, इतर यंत्रभाषांत राजघराण्यातले मानले जाणारे शब्दही येथे साध्या आज्ञाच आहेत. त्यामुळे कोणी सी भाषेत नवी आज्ञा लिहून तिची नोंदणी केली, की ती जुन्या आज्ञांच्या पंक्तीला बसते. पाहुणा कोण आणि घरचा कोण हे वाक्यावरून ओळखू येत नाही. आपल्या ‘करणे’चे दार ते हेच. दुसरी गोष्ट अशी, की या भाषेत सर्व काही अक्षरांची माळ आहे. संख्या, यादी, इतकेच काय प्रोग्रामचा तुकडासुद्धा, अखेर मजकूरच. संगणकशास्त्राच्या काही पंडितांना हे दारिद्र्य वाटले. मला ते वाङ्मयीन वाटते.

आता खिडकीकडे वळू. १९८४ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत एक्स विंडो या पद्धतीचा आरंभ झाला, आणि १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती आली. तिच्यामुळे युनिक्स यंत्रांच्या पडद्यावर खिडक्या, बटणे, सरकपट्ट्या दिसू लागल्या. पण त्या घडविणे हे मोठ्या कष्टाचे काम होते. साध्या बटणासाठी सी भाषेतील पुष्कळ ओळी लिहाव्या लागत. औस्टरहौटांना आणखी एक चिंता होती. असे दृश्य प्रोग्राम बांधण्यासाठी मोठी फौज लागणार असेल तर विद्यापीठातील चारपाच माणसांनी करायचे काय? त्यांचे उत्तर असे, की लहान लहान भाग तयार ठेवावेत आणि ते जोडणारा धागा म्हणून टिकल वापरावी. १९८८ च्या अखेरीस त्यांनी टीके, म्हणजे टूलकिट, हा विस्तार हाती घेतला आणि सुमारे दोन वर्षांत तो वापरण्याजोगा झाला. बटण घडविण्यास एक ओळ, ते खिडकीत बसविण्यास दुसरी. बटण दाबल्यावर काय व्हावे, ते त्या पहिल्याच ओळीत मजकूर म्हणून लिहायचे. पूर्वी जे काम आठवड्याचे होते ते दुपारचे झाले. टीकेचा लौकिक मूळ भाषेच्याही पुढे गेला. पुढे पायथन या भाषेने खिडक्यांसाठी तेच अवजार उचलले, आणि आज पायथन शिकणारा विद्यार्थी ‘टी-के-इंटर’ लिहितो तेव्हा नकळत टिकललाच आज्ञा देत असतो.

टीकेमध्ये ‘सेंड’ नावाची एक आज्ञा होती. तिच्या योगाने एका खिडकीतला प्रोग्राम दुसऱ्या खिडकीतल्या प्रोग्रामला एखादी ओळ पाठवून म्हणू शकत असे, ‘हे करून उत्तर कळव.’ पण ही ये-जा एकाच पडद्यावर दिसणाऱ्या प्रोग्रामांपुरती होती. बर्कलेतच लॉरेन्स रो आणि ब्रायन स्मिथ यांच्या संशोधनात दूरच्या यंत्रावर साठविलेले चलच्चित्र तारेवरून आणून आपल्या पडद्यावर दाखविण्याचा खटाटोप चालला होता. त्यांना पडद्याची मर्यादा पुरेना. रो, स्मिथ आणि स्टीफन येन यांनी १९९३ च्या सुमारास ‘टिकल-डीपी’ हा विस्तार प्रसिद्ध केला. डीपी म्हणजे वितरित प्रोग्रामरचना. त्यात तारेवरून जोडणी उघडण्याच्या, दुसऱ्या गावच्या यंत्राला आज्ञा देऊन उत्तर मागण्याच्या आणि दोन यंत्रांवर एकच वस्तू सारखी ठेवण्याच्या नव्या आज्ञा होत्या. जोडणी घेणारा आणि जोडणी देणारा असे दोन प्रोग्राम, दोघांनाही खिडक्या, आणि सर्व मिळून काही पाने मजकूर.

हे इतके सोपे का झाले? आज्ञा हीच मुळी मजकूर होती म्हणून. इतर भाषांत दूरच्या यंत्राशी बोलायचे तर आपली संख्या, यादी, रचना आधी तारेच्या रूपात उतरवावी लागे आणि पलीकडे पुन्हा उभी करावी लागे. टिकलमध्ये तारेवरचे रूप आणि घरातले रूप एकच. जसे बोलतो तसे पत्रात लिहिले, आणि पत्र मिळताच पलीकडच्याने ते वाचूनच अंमल केला. अर्थात ज्याचे पत्र वाचून अंमल करायचा तो भला माणूस असेलच असे नाही. म्हणून नथॅनिएल बोरेनस्टाइन आणि मार्शल रोझ यांनी ‘सेफ-टिकल’ नावाची, पाहुण्याला ओसरीपर्यंतच येऊ देणारी आवृत्ती सिद्ध केली.

१९९४ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी टिकल वापरू नका, अशी जाहीर हाक दिली. ही विस्ताराची भाषा आहे, गंभीर प्रोग्रामांची नव्हे. तिला धड रचना नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. मोठे वादळ उठले. आपल्याकडील भाषाशुद्धीच्या वादाची ज्यांना माहिती आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. एक पक्ष म्हणतो, भाषा घडीव आणि शुद्ध असावी. दुसरा म्हणतो, बाजारात चालते ती भाषा. सावरकरांचे महापौर, दिग्दर्शक हे शब्द आज सर्रास चालतात, आणि रवाना व मंजूर हेही कोठे गेले नाहीत. टिकलच्या बाबतीत बाजाराने कौल दिला : १९९६ च्या ७.५ या आवृत्तीत तारेची जोडणी उघडण्याची आज्ञा मूळ भाषेतच सामील झाली, आणि टीके हे विंडोज व मॅकिन्टॉशवरही चालू लागले. पाहुणा घरचा झाला. १९९७ साली औस्टरहौटांना एसीएम या संस्थेचे सॉफ्टवेअर सिस्टिम पारितोषिक मिळाले. चिपांचे आराखडे काढणाऱ्या अवजारांत, म्हणजे जेथून ही कथा निघाली तेथे, टिकल आजही रुळलेली आहे.

मित्रहो, येथपर्यंतची कथा अमेरिकेची झाली. परंतु माझा जीव ज्यात गुंतला आहे तो भाग यापुढचा आहे. खिडकीत दिसणारा आणि तारेवरून जाणारा तो मजकूर मराठी असेल तर काय?

तारा आपल्याकडेही त्याच काळात पसरत होत्या. १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट योजनेत मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था, म्हणजे जुहूची एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी होत्या. एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या जोडणीवरून पहिली संगणकीय पत्रे गेली. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पण ही पत्रे रोमन लिपीत होती.

देवनागरीचे काम दुसऱ्या वाटेने चालले होते. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. त्याचे कार्ड संगणकात बसविले, की अक्षरी पडद्यावर चालणारे साधे डॉस प्रोग्राम, स्वतः काहीही न बदलता, देवनागरी दाखवीत. कल्पना सुंदर होती : लिपीची जाण प्रोग्रामांच्या खाली, एकाच ठिकाणी ठेवायची. तिच्या पाठीशी इस्की ही संकेतावली होती, जिला १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. इस्कीत सर्व भारतीय लिप्यांच्या ‘क’ला एकच अंक होता, आणि इनस्क्रिप्ट कळफलकावर एकच कळ. सचिनसारख्या गावात, जेथे एकाच गल्लीत मराठी आणि गुजराती अशी दोन्ही मुले राहतात, तेथे याचे मोल वेगळे सांगायला नको. एका मुलाचा हात दोन्ही लिप्या लिहू शकतो.

पण खिडक्या आल्या आणि कार्डाचा उपाय लंगडा पडला. खिडकीतले अक्षर प्रोग्राम स्वतः चित्रासारखे काढतो. त्याच्या खाली शिरायला कार्डाला जागा उरली नाही. मग उरला फॉन्ट. मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या दोनशेछप्पन घरांत आपापल्या सोयीने देवनागरीचे तुकडे बसविले : कोठे काना, कोठे अर्धा स, कोठे रफार. प्रत्येकाची मांडणी निराळी. छपाईच्या कामाला याने काहीही बिघडत नव्हते, कारण कागदावर शाई पडली की अंकांचा संबंध संपतो. तारेवर मात्र तो संबंध संपत नाही, तेथेच सुरू होतो. तारेवरून अक्षर जात नाही, अंक जातो. पलीकडच्या यंत्रावर तोच फॉन्ट नसेल तर मराठी पत्राचे रोमन कचऱ्यात रूपांतर होते. टिकल-डीपीने एका ओळीत जे साधले, म्हणजे घरातले आणि तारेवरचे रूप एक असणे, तेच मराठीला मिळाले नव्हते.

याची किंमत किती, ते मी एका उदाहरणाने सांगतो. बखरींतील परकीय शब्दांवरच्या माझ्या एका ग्रंथाची जुळणी १९९० च्या दशकात संगणकावर झाली. दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली तेव्हा मुद्रकाने जपून ठेवलेल्या फ्लॉपी मला दिल्या. त्या उघडल्या, मजकूर पडद्यावर आलाही; पण तो फॉन्ट आता कोठेच मिळेना, आणि चारशे पानांत वाचता येण्याजोगा एक शब्द नव्हता. पेशवे दप्तरातला दोनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद मी वाचू शकतो. माझेच पंधरा वर्षांपूर्वीचे मराठी मला वाचता आले नाही. ग्रंथ पुन्हा टंकावा लागला. महाराष्ट्रातील किती नियतकालिकांचे, किती संस्थांच्या अहवालांचे असे झाले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

उपाय दोन पायऱ्यांनी आला. पहिली पायरी युनिकोडची. १९९१ साली निघालेल्या या जागतिक संकेतावलीत देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरून घेतलेली आहे. गुजरातीला मात्र तेथे स्वतंत्र घरे मिळाली. १९९९ साली टिकलची ८.१ ही आवृत्ती आली आणि तिच्यातली अक्षरांची माळ पोटातून युनिकोड झाली. आता ‘नमस्कार’ हा शब्द बटणावर लिहिता येई आणि तारेवरून पाठविता येई, आणि पलीकडे तो ‘नमस्कार’च असे.

तरीही तो दिसे कसा, हा प्रश्न उरला. देवनागरी ही नुसती एकापुढे एक मांडण्याची लिपी नाही. ‘स्थिती’ या शब्दातला पहिला ऱ्हस्व इकार यंत्राच्या स्मरणात थच्या नंतर असतो आणि डोळ्यांना सच्या आधी दिसतो. ही उलटापालट कोणीतरी करावी लागते. ते काम टिकलचे नव्हे, खालच्या चित्रकाराचे. विंडोज २००० मध्ये ती सोय आली, आणि तिच्याबरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट आला. तो काढणारे र. कृ. जोशी हे आपले मराठी कवी आणि सुलेखनकार होते. पवईला त्यांनी अध्यापन केले, नंतर एनसीएसटीत अक्षररचनेचे काम केले, आणि २००८ साली ते गेले. त्यांचे अक्षर आज कोट्यवधी लोक रोज वाचतात आणि त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. युनिक्सच्या बाजूला एनसीएसटीतच ‘इंडिक्स’ हा प्रकल्प झाला. एक्स विंडो पद्धतीच्याच पोटात भारतीय लिप्यांची जाण घालावी, म्हणजे वरच्या प्रोग्रामांना वेगळे काही करावे लागू नये, हा त्याचा विचार होता. जिस्ट कार्डाची जुनी कल्पना खिडक्यांच्या युगात पुन्हा जन्माला आली, असे मी याला म्हणतो. २००३ साली ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली.

येथे मराठीच्या शिक्षकाला गप्प बसवत नाही, म्हणून दोन अक्षरांविषयी बोलतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. हिंदीला हा भेद लागत नाही. दिल्लीत बसून संकेतावली करणाऱ्याने तो विसरला असता, तर मराठीत समुद्र आणि दरी एकच झाली असती. सुदैवाने नुक्ता दिलेल्या ‘ऱ’ला वेगळे घर मिळाले, त्याला हलन्त जोडून य लिहिला की मराठी अर्धा र उमटतो. दुसरे अक्षर ‘ॲ’. ‘ॲड’, ‘ॲसिड’ हे शब्द मराठीने कधीच आपलेसे केले होते, पण त्यांच्या आद्याक्षराला युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ या आवृत्तीपर्यंत स्वतंत्र घर नव्हते. लोक ‘अ’वर अर्धचंद्र जोडून भागवीत. त्यामुळे आज एकच शब्द दोन प्रकारांनी लिहिलेला तारांवरून हिंडतो. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. शोधाल तर एक सापडतो आणि दुसरा राहतो. वर्णक्रम लावाल तर दोघे दोन ठिकाणी जाऊन बसतात.

२०२४ साली टिकलची ९.० ही आवृत्ती निघाली, आणि तिच्यात युनिकोडचा संपूर्ण पल्ला सामावला आहे. पण हे दोन ॲ एकच आहेत, हे ती आपण होऊन धरून चालत नाही. ते ज्याची भाषा मराठी त्यानेच तिला सांगायचे आहे. त्यासाठी ओळीच्या आरंभी येईल अशी एक नवी आज्ञा लिहावी लागेल. या शाळेतून बाहेर पडलेल्या आणि संगणकावर पोट असलेल्या कोणाही विद्यार्थ्याला ती दहा ओळींत लिहिता येईल.